मशीनपुढे मी उभी होते

जबाब, दि. १५/१२/२०२५

मी उज्वला हरेश सोनावळे, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी (क्रीडाशिक्षिका), रा. दहिवली, ता. कर्जत, जि. रायगड. बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

मी पोशीरच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत चौदा वर्षे खेळ शिकवते. शाळेमागे गावदेवीची राई आहे. तेथे जांभूळ, हिरडा, अंजनीची जुनी झाडे असून त्यांना गावातले कोणी कुऱ्हाड लावत नाही. राईलगतची जमीन एका फार्महाऊस प्रकल्पाने घेतली आहे. राईची हद्द कोठे संपते यावर वाद आहे. सरकारी मोजणीची फी भरता यावी म्हणून आम्ही मुलांची धाव ठेवली. मूल शाळेपासून राईपर्यंत जेवढ्या फेऱ्या मारील, त्या हिशेबाने घरच्यांनी वर्गणी द्यायची, असे ठरले होते.

काल रविवारी सकाळी सात वाजता त्रेसष्ट मुले धावू लागली. सव्वाआठच्या सुमारास प्रकल्पाचे मुकादम जगदीश भगत जेसीबी घेऊन आले. "मॅडम, पोरं बाजूला घ्या. आज रस्ता काढायचा हाय," असे ते म्हणाले. मी शिट्टी मारून मुलांना देवळाच्या ओट्यावर बसवले व हजेरी घेतली. त्रेसष्ट भरली. तोपर्यंत कडेचे एक जांभूळ पाडले होते. नववीतील ऋतिका म्हणाली, "मॅडम, माझी फेरी अर्धीच ऱ्हायली."

मी एकटी जाऊन मशीनपुढे उभी राहिले. मी मुलांना मशीनपुढे उभे केले, अशी भगत यांची तक्रार आहे. ती खोटी आहे. मशीनपुढे मी उभी होते. ते म्हणाले, "नोकरी जाईल." मी म्हणाले, "जाऊ दे. आधी मोजणी होऊ दे."

ऋतिकाची आजी गंगाबाई, वय अंदाजे सत्तर, मुलांसाठी पाणी घेऊन आल्या होत्या. त्या काठी टेकत जेसीबीपुढून चालू लागल्या. चालक प्रवीण म्हणाला, "आजी, बाजूला हो गं." त्या म्हणाल्या, "नातीची फेरी ऱ्हायलीय, ती मी मारतेय. तुला घाई असंल तर तू उतर रं." त्यांच्या मागोमाग फेऱ्या मोजायला आलेल्या इतर मुलांच्या आयाही निघाल्या. राईपर्यंत जायच्या, परत यायच्या, पुन्हा जायच्या. कोणी मशीनला हात लावला नाही, शिवी दिली नाही. अकरा वाजता प्रवीणने मशीन बंद केले. "मी बायांवर घालणार नाय," असे म्हणून त्याने चावी भगत यांच्या हातात दिली व तो चालत निघून गेला.

आज सकाळी मोजणीची फी भरली. पावतीची प्रत सोबत देत आहे. पाडलेल्या जांभळाबद्दल माझी वेगळी तक्रार आहे, तीही नोंदवून घ्यावी.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात शेवटी "यापुढे असे करणार नाही" असे वाक्य होते. तसे मी बोलले नव्हते. म्हणून ते खोडायला लावले आणि खोडलेल्या जागी सही केली. बाकीचा मजकूर मी सांगितला तसाच लिहिला असून खरा आहे.