दोन पंख्यांचं की तीन?

संगणकाच्या दुकानात बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या शिंप्याने कान टवकारले. काउंटरपाशी एक सून आणि तिचे सासरे दोन ग्राफिक्स कार्डं निरखत होते.

“मेमरी दोन्हींत सोळा जीबी,” दुकानदार म्हणाला. “हे दोन पंख्यांचं, वेगवान, पण तापतं. हे तीन पंख्यांचं, जरा हळू, पण थंडगार.”

“वेगवानच द्या. सूनबाईची घरांची चित्रं झटपट निघायला हवीत.”

“बाबा, मला थंड हवंय.”

“मंद घेऊन काय ओवाळायचंय? तापलं तर तापू दे. जुन्यावर तर माझे मोजे वाळायचे!”

“आणि ते बंद पडू नये म्हणून तुम्ही पुठ्ठ्याने वारा घालत बसायचात. माझं पहिलं काम त्या वाऱ्यावर पुरं झालं.”

“त्यात काय मोठंसं? हात रिकामेच होते.”

“आता खांदा धरलाय तुमचा. चमचासुद्धा डाव्या हाताने उचलता.”

“तुला कुणी सांगितलं?”

“समोरच जेवायला बसते ना मी!”

“अगं, पण काम रेंगाळेल तुझं.”

“रेंगाळू दे. तेवढा वेळ गप्पा मारू.”

सासरे दुकानदाराकडे वळले.

“तीन पंख्यांचंच बांधा हो. पण आवाज कमी करतं ना? माझ्या थापा तिला नीट ऐकू यायला हव्यात.”