कॉफीच्या वहीतली शून्यं

तपासनीस : ...कंदील, मेंढी, चमचा, पूल. बारापैकी अकरा शब्द! छान, काका. एकच राहिला.

बाबा : राहिला नाही, ठेवला. गेल्या वर्षी बाराच्या बारा सांगितले, तर तुम्ही संशयाने बघितलंत.

तपासनीस : कौतुकाने बघितलं होतं हो!

बाबा : बाई, पस्तीस वर्षं कोर्टात स्टेनो होतो. नजर कळते. राहिलेला शब्द 'कात्री'. गेल्या वर्षीचे हवेत? तेही आहेत.

मुलगी : बाबा, त्यांना त्यांचं काम करू द्या ना.

तपासनीस : आता शंभरातून सात-सात वजा करत जा.

बाबा : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... अकरा वर्षं हेच विचारताय. दर वेळी शेवटी दोन उरतात. यंदा काही वेगळं उरेल अशी आशा आहे का?

तपासनीस : पुरे, पुरे. कॉफीची वही तेवढी दाखवा.

बाबा : आणतो. कपाट, दुसरा कप्पा, डावीकडे. हे पण लिहून घ्या, आठवलं म्हणून.

(बाबा आत जातात.)

तपासनीस : ताई, ते येईपर्यंत बोलून घेते. शब्द ठीक, आकडे ठीक. पण ती वही... आधी प्रत्येक कपाला एक सरळ रेघ असायची. तीन वर्षांपूर्वी एका सोमवारपासून रेघेच्या जागी शून्यं. मला आधी वाटलं, पेन खराब झालं असेल. दुसऱ्या वर्षी मी शेरा लिहिला, 'चिन्हांचा विसर'. आता त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल. तुमच्या आईंचं विसरणं कशावरून सुरू झालं होतं?

मुलगी : सहीवरून. सहीच्या जागी फूल काढायला लागली. बँकेतले हसले. आम्हीही हसलो... सोमवार म्हणालात?

तपासनीस : हो.

मुलगी : मॅडम, एक सांगायचं राहिलंय. तीन वर्षांपासून राहिलंय. डब्यातली कॉफी खरी नाही.

तपासनीस : म्हणजे?

मुलगी : कॅफिन काढलेली आहे. त्यांच्या छातीत धडधडायचं, डॉक्टर म्हणाले बंद करा. पण यांच्या मनाने घेतलंय, की आई दिवसाला एकच कप प्यायची म्हणून ती विसरली आणि हे तीन पितात म्हणून शाबूत आहेत. कॉफी सोडा म्हणणं म्हणजे डोकं काढून द्या म्हणण्यासारखं. मग मी दर रविवारी जुन्या डब्यात ही भरते. पाकीट इस्त्रीमागे लपवते.

तपासनीस : ताई, आमचा सगळा अभ्यासच हा आहे, की वर्षानुवर्षं कॅफिन घेतलं तर स्मरणशक्तीचं काय होतं, बुद्धीचं काय होतं. तुमचे बाबा 'भरपूर पिणारे' या तक्त्यात सगळ्यात वर आहेत!

मुलगी : मग खाली आणा.

तपासनीस : तीन वर्षं मी यांच्या हुशारीचं श्रेय कपात नसलेल्या कॅफिनला देतेय. अभ्यासातून यांचं नावच काढावं लागेल.

मुलगी : नका ना काढू. वर्षभर या दिवसाची वाट बघतात ते. आज दाढीसुद्धा दोनदा केली.

बाबा : एकदाच केली. दुसऱ्यांदा तपासली.

मुलगी : बाबा! कधीपासून उभे आहात?

बाबा : 'डोकं काढून द्या'पासून. बाई, ही वही. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बघा. मोठ्याने वाचा.

तपासनीस : 'रेघ म्हणजे खरी. शून्य म्हणजे मुलगी भरते ती.' खाली तारीख आहे... सोमवारचीच.

बाबा : पहिल्याच घोटाला कळलं. साक्षीदार जे बोलेल ते लिहायचं, आपल्याला आवडो न आवडो. तुमचं एकही वर्ष वाया गेलेलं नाही. तुम्ही पुठ्ठा बघितला नाहीत, एवढंच.

तपासनीस : काका, मी तो शेरा...

बाबा : खोडा आणि बाजूला बारीक सही करा. कोर्टात तसंच करतात.

मुलगी : मला का नाही बोललात?

बाबा : डबा भरताना तुझा चेहरा बघितलायस? बॉम्ब ठेवायला आल्यासारखा. म्हटलं, कशाला पकडायचं.

तपासनीस : आठ वर्षं रेघा, तीन वर्षं शून्यं, आणि गुण तेवढेच. काय समजायचं यातून?

बाबा : ते तुम्ही सांगायचं. पगार तुम्हाला आहे.

तपासनीस : एका माणसावरून काही सांगता येत नाही, काका. खरंच नाही येत.

बाबा : मलाही नाही आलं. पहिले सहा महिने रोज पहाटे उठून तुमचे बारा शब्द म्हणून बघायचो. एखादा गळला का म्हणून. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू.

मुलगी : मग सोडून द्यायची ना! चवीला पुठ्ठ्यासारखी लागते ती.

बाबा : लागते खरी. शेवटी शेवटी तुझ्या आईला माझं नाव येत नव्हतं. 'वकीलसाहेब' म्हणायची मला. पण चार वाजले की न चुकता दोन कप मांडायची. तिचा दिवसातला तो एकच. दुसरा माझ्यापुढे सरकवायची. किती वाजले?

मुलगी : चारला पाच कमी.

बाबा : मग इस्त्रीमागचं पाकीट काढ. डब्यातली संपलीय.