दोनशे बारा ओळखी आणि एक पडदा

आदरणीय अध्यक्षमहोदय, मंचावरील मान्यवर, विशेष पाहुणे म्हणजे पलीकडच्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक, जे आज प्रथमच आमच्या मंचावर तक्रार न करता बसले आहेत, आणि निवृत्त होत असलेल्या आमच्या बाई, पडद्यापुढचे व पडद्यामागचे सर्व सुहृदहो,

बत्तीस वर्षं हे नाट्यगृह चालवून बाई घरी निघाल्या. उद्यापासून त्यांच्या खुर्चीत मी बसणार. पंधरा दिवस झोप उडाली आहे माझी. कारण उघड आहे. एखादा गायक रुसला, तबलजीची गाडी चुकली, की फोन लावायचा तो बाईंनी. बाईंचा फोन लोक जेवता जेवता उचलतात. माझा उचलतच नाहीत.

मी काही प्रयत्न केले नाहीत, असं समजू नका. तीन वर्षांपूर्वी सांस्कृतिक व्यवस्थापनाच्या परिषदेला गेलो. विषय होता, व्यावसायिक संपर्कजाळ्याचं महत्त्व. दोन दिवसांत दोनशे बारा व्हिजिटिंग कार्डं जमवली! आडनावाप्रमाणे यादी केली, छापली, बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती चाळली आणि म्हणाल्या, "छान. यांतल्या कुणाचा गुडघा दुखतो?"

पुढच्याच आठवड्यात पडद्याची मोटर जळाली. दुपारचे चार, सात वाजता नाटक. पडदा अर्ध्यावर अडकलेला. सम्राट सिंहासनावर बसले की प्रेक्षकांना फक्त त्यांचे पाय दिसणार. म्हटलं, आली आपली वेळ! यादी उघडली. एकाने ईमेल करायला सांगितलं. दुसऱ्याने आधी अभिनंदन केलं, कशाबद्दल ते अजून कळलेलं नाही. तिसऱ्याने विचारलं, तुमच्याकडे नोकरी आहे का? साडेपाच वाजले. मी रडकुंडीला आलो.

मग बाईंनी फोन उचलला आणि लावला कुणाला, तर याच पलीकडच्या साहेबांना! ज्यांच्याशी वीस वर्षं विस्तव जात नव्हता!

"काय हो, तुमचा मोटरवाला रिकामा आहे का?"

"मागच्या महिन्यात माझी नर्तिका तुम्ही पळवलीत!"

"ते भांडण उद्या करू. सव्वासहाला माणूस दारात हवा."

सहा वाजून दहा मिनिटांनी माणूस दारात. बरोबर जास्तीची मोटर. मी बाईंना विचारलं, हे कसं काय? त्या म्हणाल्या, "अरे, त्यांच्या उद्घाटनाला खुर्च्या पोचल्या नव्हत्या. मी आपल्या दोन रांगा उपटून पाठवल्या होत्या."

"आणि आपले प्रेक्षक?"

"आपलं नाटक पडेल होतं. त्या दोन रांगा तशाही रिकाम्याच होत्या."

साहेब, हसू नका, त्या खुर्च्यांपैकी चार अजून तुमच्याकडेच आहेत.

असो. बाई, तुमच्याबद्दल बोलायचं तर शब्द अपुरे पडतात, असं म्हणायची पद्धत आहे. माझं तसं नाही. तुम्ही मला रागावलात, शिकवलंत आणि माझ्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्यात. तुमच्याशिवाय ही वास्तू मला परकी वाटणार आहे, हे मी आज सगळ्यांसमोर सांगतो.

अध्यक्षांनी वेळ दिला, साहेब आपला प्रयोग सुरू करून धावत आले, आपण सर्वांनी मला सहन केलंत, सगळ्यांचा ऋणी आहे. आता उणिवांबद्दल बोललंच पाहिजे. मंचावर उजेड फार कमी आहे. मागच्या रांगांना सत्कारमूर्तींचा चेहरा दिसत नसेल. त्याचं असं झालं, आज दुपारी माझा फोन वाजला. पलीकडून साहेब. "बाईंना सांगू नकोस, आज त्यांचा दिवस आहे. आमचे दिवे गेलेत, नृत्याचा प्रयोग तोंडावर आहे. तू काही करशील का?"

तीन वर्षांत या व्यवसायात माझ्याकडे कुणी मदत मागितली ती प्रथमच. मी बाईंना विचारलं नाही. आठ दिवे आणि आपला प्रकाशवाला, दोन्ही पाठवून दिले.

तेव्हा या अंधाराची चूक सर्वस्वी माझी आहे, ती पोटात घालावी. बाई, तुम्ही रागावला आहात की हसताय, ते मला इथून दिसत नाहीये. पण आज रात्री मला झोप लागेल.