झोपलेल्या वर्गाचा पंचम

...आता तुम्हीच सांगा, लेकरं झोपली ह्यात माझी काय चूक? न्हाई, सांगा की. आमचे हेडसर हणमंतराव दारात उभं राहून वर्गाकडं बघायलेत, तिसरी-चौथीची समदी लेकरं कुणी भिंतीला टेकून, कुणी दप्तरावर, कुणी एकमेकाच्या मांडीवर, जशी पडली तशी पडलेली, मधी मी पेटी घेऊन बसलेलो, आन् सर म्हणायलेत, "बसवराज सर, हे काय शिकवायलाव?" म्हणलं, संगीत. तर म्हणाले, "मला वाटलं भूल देऊन राहिलाव."

अहो, तासच तसला दिला मला. दुपारचा, खिचडीनंतरचा. खिचडी करणाऱ्या आमच्या तारामतीबाईचा हात मोठा, लेकरं वाढून घेतेत, पुन्हा वाढून घेतेत, हात धुतेत न् धुतेत तोवर माझा तास. बाहेर ऊन असं की कुत्रं सावली सोडीना. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजतेत तेवढाच आवाज. खिडकीतून वारा येतो तो बी तुरीच्या रानावरनं लोळत लोळत, जेवून आल्यासारखा. आन् त्यात मी भाता मारतो, सा धरतो. साऽऽऽ... लेकरं म्हणतेत साऽऽऽ. रे म्हणतो, निम्मी म्हणतेत. ग येईस्तोवर पुढची रांग गेली. म ला मागची. तुम्हाला सांगतो, पंचम म्हणून एक सूर असतो, तो आमच्या शाळेत आजवर कुणी जागेपणी ऐकला न्हाई.

आता म्हणताल, मग सोडा की तो तास. कसा सोडू? दिवसभर भागाकार शिकवतो मी. भागाकार, मग त्या भागाकाराची माहिती मोबाईलवर भरा, मग भरली का म्हणून फोन येतो ते सांगा... ह्यो एक तास हाय म्हणून माणसात हाय मी. पेटी माझ्या पदरची, निलंग्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेली. एकदा, फकस्त एकदा, ही लेकरं सगळी मिळून सुरात गायलेली ऐकायची होती मला. बास. दुसरं काय मागितलं न्हाई.

खरं सांगायचं तर दोष आमच्या गुंडप्पाकाकाचा. आमच्या गावात शिवनाम सप्ताह बसायचा. सात दिवस नाम खंडायचं न्हाई, पाळीपाळीनं पहारा द्यायचा, आन् पहाटंचा पहारा, जो कुणाला नको, तो काका मला शेजारी पेटी वाजवायला बसवून करायचे. मंडपात सारं गाव घोंगड्या पांघरून पसरलेलं. काका कानात म्हणायचे, "बसू, नाम थांबाय नको आन् कुणाची झोपमोड व्हाय नको. तसं गा." आन् माझाच डोळा लागला की मांडीला असा चिमटा, असा चिमटा... तवापासून गळा हा असा. माझ्या गाण्यानं कुणी बी झोपतं, एक मी सोडून. पेटी वाजायली की मांडी आपोआप आखडती, झोप कसली येती. आता असा गळा पदरात पडला, ह्यात माझी काय चूक?

पण हेडसरला हे कोण सांगावं. ते म्हणाले, "केंद्रप्रमुख साहेब तपासणीला येऊन राहिलेत. लेकरं गायली तर तास तुमचा. न्हाई गायली तर ह्या तासाला शिष्यवृत्तीचं गणित, आन् पेटी स्टोअरात, पातेल्याशेजारी." लागलो तयारीला. गाणं मीच जुळवलेलं होतं.

"देवणीची गाय माझी, गळा तिच्या घंटा,
हळूहळू येई घरा, धरून पायवाटा..."

चाल बी गाईचीच, सावकाश. मग काय काय केलं म्हणता... तोंडावर पाणी मारलं, लेकरं ओल्या तोंडानं झोपली. उभं करून गायला लावलं, उभ्यानं झोपली. साक्षी म्हणून पोरगी हाय, चौथीची, लई हुशार, ती तर डोळे उघडे ठिवून झोपायची.

साहेब आले सकाळच्याला. म्हणलं बरं झालं, लेकरं ताजी हायत. सूर दिला, म्हणलं, म्हणा. लेकरं टकाटका बघायलीत. सायबाकडं, माझ्याकडं, परत सायबाकडं. एक बी तोंड उघडंना. मागं कुणीतरी शिंकलं, तेवढंच काय ते सुरात. हेडसरनी माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, मग स्टोअरच्या दाराकडं. साहेब भला माणूस, म्हणाले, "जेवून बघू."

जेवून आले. खुर्चीत बसले. डोळे लाल, हातातला फोन सारखा घुरघुरायला, वरनं निरोप, माहिती ताबडतोब पाठवा, ताबडतोब पाठवा. म्हणाले, "हां, वाजवा." मी सा धरला. लेकरं गेली. रे धरला, हेडसर चौकटीला टेकले होते, तिथंच गेले. ग वर सायबाची हनुवटी छातीला लागली. फोन मांडीवर घुरघुरत राहिला, साहेब हललेच न्हाईत. झालं, म्हणलं, बसवराज, तास गेला. मी गायचं थांबवलं, पण हात काय थांबंना, पहाऱ्याची सवय. म्हणलं जाता जाता एकदा शेवटची वाजवून घ्यावी. हळू, अगदी हळू.

आन् मग बघा... साक्षीचे ओठ हलले. डोळे मिटलेले, मान दप्तरावर, आन् ओठांतून बारीक, "देवणीची गाय माझी..." तिच्या शेजारच्यानं उचललं. मग भिंतीकडच्यांनी. मग समद्यांनी. झोपेत. सुरात. पाणी तापायला ठेवलं की वाफ कशी कुठून निघाली कळत न्हाई, तसा सारा वर्ग भरत आला. "गळा तिच्या घंटा..." आन् पंचम लागला. काय लागला म्हणता. पत्र्यावरच्या चिमण्या गप झाल्या. मला सारं धूसर दिसायला लागलं, खडूची धूळ, ऊन, लेकरांची तोंडं, गाय खरंच वेशीतून येऊन राहिली असं वाटलं.

म्हणलं सायबाला उठवावं. पण कसं? हाक मारली तर लेकरं जागी होतेत. पेटी थांबवली तर गाणं थांबतंय. एक हात भात्यावर, एक हात पट्ट्यांवर, राहिला पाय, आन् केंद्रप्रमुखाला पाय कसा लावायचा? तोवर गाय घरी आली, गाणं संपलं, घंटा झाली.

साहेब उठले, तोंड पुसलं. म्हणाले, "गाणं काय ऐकू आलं न्हाई." माझा जीव गेला. मग त्यांनी हात वर करून मस्त आळस दिला. "पण दोन वर्षांत अशी झोप लागली न्हाई मला. हणमंतराव, तास राहू द्या. मी पुढच्या महिन्यात परत बघून जातो." हेडसर जांभई देतच म्हणाले, "हाव साहेब."

घरी येऊन महानंदाला, म्हणजे आमच्या मंडळीला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणती, "अवं, तुमचाच डोळा लागला असंल. सपान पडलं असंल." म्हणलं, पेटीवर आन् मला झोप? म्हणती, "मग लेकरांना इचारा की, मला काय इचारायलाव?"

दुसऱ्या दिवशी साक्षीला विचारलं. "न्हाई सर, मी कुठं गायले, मी तर झोपले होते." गेली. दारातनं परत आली. "पर सर, सपान पडलं. आम्ही समदे गाईचं गाणं म्हणायलो होतो, आन् तुम्हीच झोपला होताव, पेटीवर डोकं ठिवून. म्हणून तर म्हणलं आम्ही. तुम्ही जागं असलं की चुकायचं भ्या वाटतं."

  तवापासून तास लागला की जरा वाजवतो, मग पेटीवर डोकं ठेवतो, डोळे मिटतो, खोटं खोटं घोरतो सुदीक. लेकरं एक डोळा उघडून बघतेत, खरंच झोपले का सर, आन् तोंड मिटूनच ठिवतेत. अहो, मी जीव तोडून झोपायला बघतो. पण पेटीला कपाळ टेकलं की मांडीला चिमटा बसतोय. काका जाऊन किती वर्षं झाली, पहारा काही सुटला न्हाई.

लेकरं झोपली ह्यात माझी काय चूक, म्हणून साऱ्या गावाला विचारत फिरायलो होतो मी. आता कळली बघा चूक. मी जागा हाय... आन् ती काय आता ह्या वयात सुधारत न्हाई.