डेव्हला हाक कोण मारणार?

तुम्ही बॉसला बिनधास्त नावाने हाक मारता ना? मला आणि मेइला त्यासाठी एक अख्खी ट्रेन घालवावी लागली. मेइ म्हणजे युनीतली माझी चिनी मैत्रीण. आमचे पीएचडीचे सुपरवायझर साठीचे, आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर-बिर काही नाही, जस्ट डेव्ह!" आम्ही दोघींनी माना डोलावल्या आणि त्यानंतर नाव घेणंच टाळलं. समोर जाऊन खाकरायचं, की ते बघायचे.

एका आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, ते फोन टेबलावर विसरून गेले. आम्ही फोन घेऊन स्टेशनपर्यंत पळालो. ते प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, पाठमोरे, आणि ट्रेन येऊन उभी.

"मार हाक!" मी म्हटलं.

"तू मार, तू मोठी आहेस."

"अगं, माझ्या बाबांएवढे आहेत ते!"

"माझे आजोबा शिक्षक होते. त्यांना कळलं तर घरात घेणार नाहीत मला!"

मग दोघी मिळून ओरडलो, "एक्स्क्यूज मी!" सगळा प्लॅटफॉर्म वळला, फक्त ते सोडून. ते आपल्याच तंद्रीत ट्रेनमध्ये चढायला लागले. शेवटी मेइने डोळे गच्च मिटले आणि जीव खाऊन किंचाळली, "डेऽऽव्ह!"

ट्रेन गेली.

दुसऱ्या दिवशी फोन हातात घेत ते म्हणाले, "अगं, मग हाक मारायची ना!"

मेइ मान खाली घालून म्हणाली, "मारली होती, टीचर. चार जण आले. त्यांत तुम्ही नव्हता."