त्या बंगल्यात पाणी कोण भरतं?

खुनाच्या गोष्टी रचायला मला कोणी शिकवलं, सांगू? मोखाड्याकडच्या आश्रमशाळेतल्या नववीच्या पोरींनी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली एक प्रेमाची कादंबरी मी वर्गात सांगत होते. बंगले, नाच, लग्नाच्या वाटाघाटी. पोरी पेंगायला लागल्या. मग मीही हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी त्यातल्या देखण्या जमीनदाराला तळ्याकाठी मारूनच टाकलं. "सांगा, खून कोणी केला?"

अख्खा वर्ग जागा!

खुनी मी ठरवूनच आले होते, त्याचा जिवलग मित्र. पुरावेसुद्धा पेरले होते. तेवढ्यात सूर्यमाळची सोनी उठली. तिच्या पाड्यावर उन्हाळ्यात बायकांचा अर्धा दिवस विहिरीवर जायचा.

"बाई, त्या बंगल्यात पाणी कोण भरतं?"

"असेल कोणी मोलकरीण."

"नाव काय तिचं?"

पुस्तक हातातच होतं. मी भराभर पानं चाळली. "नाव नाही गं दिलेलं."

"मग तिनंच मारलं असंल," सोनी म्हणाली. "एवढ्या पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तिनं ओढायचं, आणि तिला कुणी नावसुद्धा विचारायचं नाही?"

त्या मित्राला मी त्याच तासाला निर्दोष सोडलं.