यंदा जाळरेषा काढली नाही

मंडळी, मागे उन्हात उभे आहात त्यांनी मंडपात या. जागा आहे. शांतारामभाऊ असते तर त्यांनी एव्हाना दोनदा ओरडून सांगितलं असतं, "पुढं सरका, पुढं सरका!" सगळा जन्म एस.टी.त कंडक्टरकी केली, निवृत्त झाले तरी माणसांना आत घ्यायची सवय काही गेली नाही.

मी या गावची माहेरवाशीण. पनवेलला गाणं शिकवते. माइकसमोर उभं राहण्यातच माझी हयात गेली, पण आज हा माइक नकोसा वाटतोय. भाऊंच्या पत्नी, आपल्या सुमनवहिनी, समोर बसल्यात. त्यांच्याकडे बघून बोलवत नाही, आणि न बघता बोलणं बरं नाही.

मला भाऊंबद्दल चार चांगले शब्द बोलायला सांगितलंय. चांगले शब्द पुष्कळ आहेत हो. पण तेवढेच बोलून खाली बसले, तर स्वतःचं तोंड आरशात बघायची मला लाज वाटेल. म्हणून थोडं ऐकून घ्या.

आपला सडा, गावावरचं हे कातळाचं पठार, दर उन्हाळ्यात जळायचा. गवत वाळलं की कुणाची तरी काडी पडायची आणि देवाच्या रानाच्या कडेपर्यंत सगळं काळं व्हायचं. आपल्याला त्याचं काही वाटायचं नाही. उन्हाळा आला की वणवा येणारच, असं आपण धरून चाललो होतो. वाटलं ते फक्त भाऊंना. मे महिन्यात मुंबईकर गावी येतात, तेव्हा सड्यावर गाणं ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं. जमतील त्या पैशांतून झाडं लावायची, पाणी-माती अडवायला दगडांच्या ताली घालायच्या, राखण ठेवायची.

आणि तिकीट काय? तर कोयता! आठवतंय ना? संध्याकाळी गाणं ऐकायचं असेल, तर सकाळी सड्यावर यायचं आणि जाळरेषा काढायची. रानाच्या भोवती बैलगाडी जाईल एवढा पट्टा गवत कापून साफ करायचा, म्हणजे आग आली तरी तिथं अडते. शाळेतल्या बाई यायच्या, मुंबईचे जावई यायचे, हाताला फोड आले म्हणून कुरकुरायचे. आणि संध्याकाळी तीच माणसं दमून मांडी घालून बसायची. मी बऱ्याच ठिकाणी गायलेय. पण तसे श्रोते मला कुठं मिळाले नाहीत. आपण साफ केलेल्या जमिनीवर बसून ऐकत होते ना ते!

भाऊ ढोलकीला असायचे. एकदा मी म्हटलं, "भाऊ, मला सकाळच्या कामातून सोडा. धुळीनं घसा बसतो." तर म्हणाले, "बसू दे. बसलेल्या घशानं गा. पन कोयता घ्यायचा." घेतला मी. त्या दिवशी खरंच बरं गायले.

मग आपला उत्सव मोठा झाला. मोठा झाला म्हणजे काय झालं? खुर्च्या आल्या. पास आले. बाहेरगावची माणसं गाड्या घेऊन आली. त्यांना कोयता कसा द्यायचा? बरं दिसत नाही. यंदा तर वाद्यवृंदच नव्या मुंबईहून आला, आणि भाऊंना पहिल्या रांगेत सन्मानाची खुर्ची दिली. ढोलकीवाल्याला खुर्ची दिली, मंडळी. यापेक्षा सभ्यपणे माणसाला बाजूला कसं करणार?

आठवडाभर आधी त्यांचा मला फोन आला होता. "यंदा जाळरेषा न्हाय काढली गं. मी कमिटीला बोललो तर म्हनतात, मानसं लावून काढू. कुठं हायत मानसं? तू सकाळी ये. तू आलीस की चार जन येतील." मी म्हणाले, "भाऊ, मी यंदा प्रमुख पाहुणी आहे, संध्याकाळीच पोचेन." ते म्हणाले, "व्हय, आता तू पावनी." आणि फोन ठेवला.

मी संध्याकाळी आले. गाडीतून उतरले आणि माझ्या स्वागताला आकाशात फटाके उडाले. माझ्या स्वागताला! मी वर बघितलं, हसले, हात हलवला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्यांत आपण सगळे होतो, म्हणून मी कुणा एकाकडे बोट दाखवत नाही. मे महिन्यात, वाळलेल्या गवतावर, सडा राखायच्या उत्सवात आपण फटाके उडवले. परक्या माणसाला सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही.

मी गायला बसले. पहिलंच गाणं चालू होतं, आणि भाऊ खुर्चीवरून उठून मागे निघाले. मला दिसलं. मला वाटलं, रुसले. ढोलकीला बसवलं नाही म्हणून रुसले. मनात म्हटलंसुद्धा, या वयात एवढा राग बरा नव्हे.

ते रुसले नव्हते. त्यांना रानापलीकडे धूर दिसला होता.

शेजारचा गणपत आणि ते, दोघंच गेले. हिरव्या फांद्या तोडून आग बडवत राहिले. मंडपामागे तांबूस उजेड दिसायला लागला, तेव्हा मला कमिटीची चिठ्ठी आली, लोक घाबरतील, गाणं थांबवू नका. मी थांबवलं नाही. आलाप वाढवला, तुम्ही दाद दिलीत. गणपत ओरडत आला तेव्हा कुठं आपण उठलो. आग आपण विझवली, रान निम्मं वाचलं. भाऊ गवतात पडले होते, छाती धरून. दवाखान्याच्या वाटेवरच गेले.

आता जे बोलायला मी उभी आहे, ते बोलते.

काल मी वहिनींना भेटायला गेले. त्या मलाच पाणी देऊन म्हणाल्या, "कुना वाटसरूनं बिडी टाकली म्हनं गो." वाटसरू! आपल्यातल्याच कुणीतरी त्यांना हे सांगितलंय, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांनी माना हलवल्यात. मागच्या फलकावरही नुसतं लिहिलंय, वणव्यात निधन. जसं काही तो वणवा आपला आपण आला.

मग त्यांनी मला विचारलं, "तू गात व्हतीस ना तवा?" मी म्हटलं, "व्हय वहिनी." तर म्हणाल्या, "मंग त्यांनी आयकलं आसंल तुजं गानं. तेवढंच बरं झालं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो हात ठेवू दिला. खरं सांगितलं नाही. पाणी पिऊन निघून आले.

वहिनी, बिडी नव्हती. फटाके होते. माझ्या स्वागताचे होते. जाळरेषा काढलेली नव्हती, कारण आम्हाला वाकायचं नव्हतं. भाऊ आग बडवत होते तेव्हा मी गात होते, आणि हे तुम्हाला सगळ्यांसमोर सांगायला मला एक दिवस उशीर झाला. माफी मागत नाही. ती द्यायची की नाही, हे तुमचं तुम्ही, तुम्हाला वाटेल तेव्हा ठरवा. आज कुणी त्यांना "जाऊ द्या वहिनी" म्हणू नका, एवढीच विनंती.

पुढच्या वर्षी भाऊंच्या नावानं महोत्सव करायचं चाललंय, असं ऐकते. नाव द्यायच्या आधी सड्यावर जाऊन या सगळे. अजून राख आहे तिथं.

मला शेवटी एक भैरवी म्हणायला सांगितलंय. साथीदारही बसलेत. पण मी गाणार नाही. उभे राहू या. कुणी काही बोलू नका, आणि वहिनी खाली बसेपर्यंत कुणी बसू नका.

शांतारामभाऊ, त्या संध्याकाळी थांबायला हवं होतं. आज थांबते.